पाहिजे : संशोधक (पोहता येणाऱ्यास प्राधान्य)

सांगलीत जुलै निम्मा सरला की माणसं एकमेकांची तब्येत विचारायची थांबतात आणि फूट विचारायला लागतात. "किती झालं?" "अडतीस." "कोयनेतनं?" "वाढवलंय." एवढ्यावर दोघं आपापल्या वाटेला लागतात. आयर्विन पुलापाशी कृष्णा ४० फुटांवर गेली की इशारा आणि ४५ वर गेली की धोका, हे इथं पोराला पाढ्यांच्या आधी येतं. सूर्यवंशी प्लॉटातला माणूस इशाऱ्याची वाट बघत बसत नाही. त्याच्या गाद्या त्याआधीच विश्रामबागच्या पाहुण्यांकडे पोचलेल्या असतात. मारुती चौकातला कापड दुकानदार मात्र शेवटपर्यंत हिशेब करतो. अजून दोन फूट आलं तर परकरांचा कप्पा, चार आलं तर सुती साड्या, सहा आलं तर पैठण्या आणि आपण दोघंही माडीवर. त्याच्या भिंतीवर २००५ ची खूण आहे. २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा ती खूण पाण्याखाली गेली आणि मग वर नवी मारावी लागली. पानाला चुना लावता लावता पानवाला तुम्हाला कोयनेचे १०५ टीएमसी, अलमट्टीची आजची पातळी आणि हिप्परगीची किती दारं उघडी हे सगळं सांगतो, वर सुपारी कच्ची का भाजकी हेही विचारतो.

अशा मुलखात हवामान बदलाचा अभ्यास करायला संशोधक पाहिजेत, अशी जाहिरात कुठल्या ना कुठल्या विद्यापीठाची अधूनमधून निघते. मी ती आवडीने वाचतो. पदव्युत्तर पदवी किमान ५५ टक्के, नेट किंवा सेट, उपग्रहाचे नकाशे वाचता येणे आवश्यक, इंग्रजीवर प्रभुत्व आवश्यक, मराठी येत असल्यास उत्तम. अनुभव दोन वर्षं, पण तो अध्यापनाचा. पंचवीस वर्षं पुरातून म्हशी काढण्याचा अनुभव ग्राह्य धरला जात नाही, कारण त्याचं प्रमाणपत्र नसतं आणि म्हैस सही करत नाही.

सगळ्यात गोड अट मुदतीची. नेमणूक निव्वळ तात्पुरती, अकरा महिन्यांसाठी. बारा केले तर उमेदवार उद्या कायम होण्याची भाषा करील ही भीती. आता प्रकल्पाला मंजुरी यायची सप्टेंबरात, म्हणजे मुदत संपायची जुलैअखेर. २०१९ चा महापूर आला ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात! पुराचा अभ्यास करायला नेमलेला माणूस नेमका पुराच्या महिन्यात बेकार असतो. अर्थात घरी असल्यामुळे तो आईवडिलांना सामान माडीवर चढवायला उपयोगी पडतो, हा भाग वेगळा.

मुलाखतीला गेलेला एक पोरगा माझ्या चांगल्या ओळखीचा आहे. तासगाव तालुक्यातला, बाप द्राक्षवाला. हवामान बदल म्हणजे काय ते त्याला गर्भात असल्यापासून ठाऊक, कारण आई ऑक्टोबर छाटणीच्या चिंतेत होती. द्राक्षाचं गणित असं आहे. फळछाटणी लवकर घेतली तर बाजारात माल आधी जातो, भाव मिळतो; पण परतीचा पाऊस फुलोऱ्यात गाठतो आणि दावण्या रोग सगळी बाग एका आठवड्यात झोपवतो. उशिरा घेतली तर पाऊस टळतो, पण थंडीत फुगवण होत नाही आणि माल तयार होतो तेव्हा सगळ्या तालुक्याचा एकदमच तयार होतो. म्हणून ह्याचा बाप बाग तोडून तोडून छाटतो. एक तुकडा देवाच्या भरवशावर लवकर, एक व्यापाऱ्याच्या भरवशावर उशिरा, आणि मधला बायकोच्या सांगण्यावरून. तिन्हींतला जो फसतो तो कोणाच्या भरवशावरचा होता, ह्यावर घरात वर्षभर चर्चासत्र चालतं. अगदीच बिघडलं तर माल शेडवर टाकून बेदाणा करायचा. सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन मिळालंय, त्यामागं किती अवकाळी पाऊस आणि किती शिव्या आहेत ते मानांकनाच्या कागदावर लिहिलेलं नाही.

त्या घरात खिळ्याला साळगावकरांचं कालनिर्णय टांगलेलं असतं. एकादशीच्या चौकटीत बारीक अक्षरात 'पा. २ तास', दुसऱ्या दिवशी 'फवारणी', त्याच्या शेजारी सोसायटीचा हप्ता, आणि कोपऱ्यात 'गाय लागली'. पाऊस, रोग, कर्ज आणि वंशवृद्धी ह्यांचा परस्परसंबंध रोजच्या रोज नोंदलेला. असली कॅलेंडरं त्या घरात वर्षानुवर्षांची होती. पोरानं मुलाखतीत सांगितलं की मी ह्या नोंदींवर काम करीन. पॅनेलवरच्या एका गृहस्थांनी विचारलं, की ही आकडेवारी कुठल्या नियतकालिकात प्रसिद्ध झाली आहे? पोरगा खरं बोलला. म्हणाला, साळगावकरांच्या. नेमणूक दुसऱ्याची झाली. कॅलेंडरांची पुढं भाचीच्या वह्यांना कव्हरं घातली गेली. कागद चांगला असतो.

हवामानाच्या अभ्यासकाला इथं आणायला खरं तर जाहिरात लागूच नये. एका सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो आणि तिकडं म्हसवड-दहिवडीला पाचशेदेखील धड पुरा होत नाही. सकाळी छत्री घेऊन निघालेला माणूस दुपारी त्याच छत्रीनं ऊन अडवत असतो. महाबळेश्वरात तर पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेनं २०१२ मध्ये ढगांचा अभ्यास करायला प्रयोगशाळाच थाटली. ढग खिडकीतून आत येतात, म्हणजे नमुन्याला प्रवासखर्च द्यावा लागत नाही. सांगलीचीही तीच तऱ्हा. पश्चिमेला शिराळ्याला भात, पूर्वेला जतला पाण्यासाठी मोर्चा. २०१९ च्या ऑगस्टात पलूस-मिरजेत माणसं बोटीत बसत होती तेव्हा जत-आटपाडीत टँकर चालूच होते. एकाच जिल्हाधिकाऱ्याच्या टेबलावर डाव्या हाताला पुराचे पंचनामे आणि उजव्या हाताला टंचाईचे प्रस्ताव. दोन्हींवर सही तीच, फक्त पेन वाळवायला वेळ नाही.

त्या पुरानंतर अभ्यासाला काही तोटा नव्हता. सरकारनं पुराची कारणं शोधायला वडनेरे समिती नेमली. समितीनं पुरासाठी अलमट्टी धरणाला दोषी धरलं नाही, आणि सांगलीनं समितीला सोडलं नाही. आजही चहाच्या गाड्यावर समितीचा अहवाल पानापानानं खोडून काढणारे तज्ज्ञ आहेत. त्यांतले काही अहवाल वाचलेलेही आहेत. मग २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला, आणि त्याच पावसात पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगावला डोंगर खाली आला. त्या वाड्यांवरच्या माणसांना काय झालं हे सांगायला प्रश्नावलीची गरज नव्हती. तिथं गेलेल्या एका भूगोलाच्या प्राध्यापकांनी पिशवीतले छापील फॉर्म बाहेरच काढले नाहीत, नुसते बसून राहिले, असं मी ऐकलं. मला ते त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं संशोधन वाटतं.

पण एरवी फॉर्म बाहेर निघतोच. माणदेशातल्या एका ओसरीवर मी तो निघताना पाहिला आहे. पुण्याहून आलेली चुणचुणीत मुलगी, हातात टॅबलेट, सोबत वाट दाखवायला ग्रामपंचायतीचा शिपाई. समोर तात्या. आक्का उंबऱ्याच्या आत, भाकरी थापत.

"काका, गेल्या वीस वर्षांत पावसाच्या प्रमाणात बदल झाला आहे, ह्या विधानाशी आपण पूर्णतः सहमत, अंशतः सहमत, तटस्थ, अंशतः असहमत की पूर्णतः असहमत?"

तात्यांनी शिपायाकडं बघितलं. शिपायानं आढ्याकडं.

"कोन म्हंतंय असं?" तात्यांनी विचारलं.

"कोणी नाही काका, ते विधान आहे."

"मग सहमत लिवा. कुनाशी वाकडं कशाला घ्या."

पुढचा प्रश्न उत्पन्नाचा. तात्यांनी एकदम आवाज पाडला आणि विहीर, बाग, दोन म्हशी, मुंबईचा पोरगा असं सगळं मिळून जे उत्पन्न सांगितलं त्यात तात्यांची तंबाखूसुद्धा बसली नसती. कुठलाही फॉर्म हा शेवटी रेशनकार्डाकडं जातो, ही गावाची पक्की समजूत, आणि ती अनुभवानं झालेली आहे. मग आला पाण्याचा प्रश्न. घरात रोज किती लिटर पाणी लागतं? तात्या म्हणाले, "लागतंय की." किती? "लागंल तेवढं." मुलगी वळून आक्कांना विचारणार, तेवढ्यात आक्का म्हणाल्या, "मालकास्नी इचारा, मला काय कळतंय."

आणि तव्यावर भाकरी टाकून त्या जे बोलायला लागल्या ते असं: टँकर मंगळवारचा आणि शुक्रवारचा, पन आला तर. घरटी दोन पिपं. शिराळदुपारी आला तर पोरीची शाळा बुडती. खालच्या आळीची हीर चैतात आटायची, आता शिमग्यालाच आटती. कडब्याची पेंडी महागली की म्हस इकायची, ती इकायच्या आदी शेळ्या वाढवायच्या, कारन शेळी कमी पिती आन अडीला नडीला लगेच पैसा हुती. धुन्याचं पानी भांड्याला न्हाई चालत, पन भांड्याचं म्हशीला चालतंय आन म्हशीनं ऱ्हायलेलं शेवग्याला. मुलगी हातातला टॅबलेट विसरून ऐकत होती. भाकरी फुगली, उतरली, दुसरी पडली. शेवटी शिपायानं घड्याळ दाखवलं तेव्हा तिच्या ध्यानात आलं, की ह्यातलं काहीच टॅबलेटात बसत नाही. तिथं फक्त पाच गोल होते आणि एक भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नव्हतं. तिनं 'तटस्थ' दाबलं.

फॉर्मच्या शेवटी 'उत्तरदात्याचे काही प्रश्न असल्यास' अशी एक ओळ असते. तिथं पोचेपर्यंत बहुतेकांचा टॅबलेट बंद पडतो. ह्या मुलीचा पडला नाही. आक्कांनी विचारलं, "आता ह्ये लिवून नेल्यावर तू परत येनार का?" तिला खोटं बोलता येईना, ही तिच्यातली खोट. चांगली संशोधक होईल.

आता कोणी म्हणेल, गावाला आणि विद्यापीठाला जमतच नाही की काय. जमतं. पण जेव्हा जमलं तेव्हा नेमणूक उलट्या बाजूनं झाली होती. तासगाव तालुक्यातलंच विसापूर घ्या. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे ह्यांनी १९६९ च्या सुमारास तिथं रोजगार हमीचा प्रयोग केला. १९७२ च्या दुष्काळात तो कल्पनेपेक्षा मोठा झाला, १९७७ मध्ये त्याचा कायदा झाला, आणि २००५ मध्ये सगळ्या देशानं तो उचलला. त्यावर जगभरच्या विद्यापीठांतून किती प्रबंध निघाले असतील देव जाणे. योजना आधी आणि संशोधक मागाहून, हा क्रम मात्र जाहिरातीत कधी येत नाही.

त्याहून बहार आणली खानापूर तालुक्यानं. १९८२ चा गिरणी संप झाला, मुंबईचे कामगार येरळेकाठच्या आपल्या गावांना परत आले, तर गावाला दुष्काळ. पुन्हा रोजगार हमी, पुन्हा खडी फोडायची. संपात तावून आलेली ही माणसं. त्यांनी विचारलं, दर दुष्काळाला खडीच फोडायची तर दुष्काळ का फुटत नाही? मुक्ती संघर्ष चळवळ उभी राहिली आणि तिनं जे केलं ते आज एखाद्या कुलगुरूनं केलं तर त्याचा सत्कार होईल. गावांनी विज्ञानाच्या लोकांना बोलावून घेतलं. तुम्ही आमचा अभ्यास करा असं न म्हणता, आमच्या प्रश्नाचा अभ्यास आमच्या बरोबर करा असं म्हटलं. नदीतली वाळू उपसून ट्रक भरून जाते आणि विहिरी का बसतात, हे मांडलं गेलं. मग वाळूवर गावाचा हक्क सांगून, थोडी वाळू गावानंच विकून, त्या पैशात आणि लोकवर्गणीत बलवडी-तांदुळवाडीच्या दरम्यान येरळेवर धरण बांधलं. बळीराजा स्मृती धरण. तांत्रिक बाजूला के. आर. दाते ह्यांच्यासारखा नाणावलेला अभियंता, आणि पाणी मात्र घरटी सारखं, ज्याला जमीन नाही त्यालाही. दात्यांची कोणी मुलाखत घेतली असेल तर ती गावानं.

आणि संशोधक भरतीचा आमच्या जिल्ह्याचा विक्रम अजून कोणाला मोडता आलेला नाही. गेल ऑम्व्हेट अमेरिकेतून बर्कलीच्या पीएचडीसाठी इकडं आल्या, विषय पश्चिम भारतातली ब्राह्मणेतर चळवळ. प्रबंध झाला. एरवी प्रबंध झाला की संशोधक विमानात बसतो. ह्या मात्र वाळवा तालुक्यातल्या कासेगावात भारत पाटणकरांच्या घरी सून म्हणून राहिल्या, १९८३ मध्ये इथल्या नागरिक झाल्या, समन्यायी पाण्याच्या मोर्चांत चालल्या, आणि २०२१ मध्ये गेल्या त्याही कासेगावातच. क्षेत्रकार्याची मुदत म्हणतात ती ही. आता प्रत्येक प्रकल्प सहायकाला वाळवा तालुक्यात सासुरवाडी काढून देणं विद्यापीठाला शक्य नाही, आणि आचारसंहितेतही ते बसणार नाही, पण दिशा बरोबर होती एवढंच म्हणायचंय.

म्हणून माझं म्हणणं, की जाहिरात गावानंच काढावी. पॅनेल ओसरीवर बसवावं. अध्यक्ष आक्का. सदस्य म्हणून एक द्राक्षवाला, एक मेंढका (ऊन बघून कळप कुठल्या रानात न्यायचा हे त्याला विभागप्रमुखांपेक्षा जास्त कळतं), कोरेगावच्या वेळूचा किंवा माणच्या टाकेवाडीचा एखादा गडी, कारण त्या दोन गावांनी पंचेचाळीस दिवस घाम गाळून २०१६ ला आणि २०१८ ला वॉटर कप ह्या जलसंधारणाच्या स्पर्धेत पहिला नंबर काढलाय आणि त्यांना पाण्याच्या गप्पा मारणारा लगेच ओळखू येतो. विद्यापीठाचा प्रतिनिधी निरीक्षक म्हणून चालेल. त्याला चहा द्यावा.

प्रश्न सोपे. भाकरी मोडून खाता येते का? दोन पिपांत दिवस काढून दाखवशील का? रात्री दोनला लाइट आली तर मोटार चालू करायला माझ्या संगं येशील का, का सकाळी येऊन 'कृषीपंप : एक चिकित्सक अभ्यास' लिहिशील? पूर आला तर कुठं थांबशील? पोहायला येत नसलं तर किमान फूट तरी विचारता यावेत. आणि प्रबंधाची तोंडी परीक्षा चावडीवर, मराठीत, गुरुवार सोडून कुठल्याही दिवशी. गुरुवारी बाजार असतो.

निवड झालेल्या उमेदवाराचं काय होईल तेही मला दिसतं, कारण असा एक वर्षभर राहिलेला माझ्या बघण्यात आहे. कुठल्या विद्यापीठाचा ते राहू दे. सगळं उत्तम चाललं होतं. आक्कांच्याच गावात राहिला, घरोघरी जेवला, बांधावर झोपला, पाणी भरलं, सोयरिकी जमवल्या. मार्चमध्ये खर्चाचा तपशील द्यायची वेळ आली. निवासखर्च शून्य, कारण देवळात झोपला. भोजनखर्च शून्य, कारण भाकरीची पावती मिळत नाही आणि आक्कांचा जीएसटी क्रमांक नाही. प्रवासखर्चाला एसटीची तिकिटं जोडली होती, ती घामानं पुसली गेलेली. लेखा विभागानं फाईल परत पाठवली आणि शेरा मारला, की उमेदवार क्षेत्रावर गेल्याचे आढळून येत नाही.

निधी परत जाणार म्हटल्यावर वरिष्ठ मंडळी जागी झाली. ३१ मार्चच्या आत रक्कम खर्ची पडायलाच हवी होती. तेव्हा पुण्याच्या एका वातानुकूलित हॉटेलात दोन दिवसांचं राष्ट्रीय चर्चासत्र ठरलं, 'हवामान बदल आणि लोकसहभाग'. पावत्या चोख मिळाल्या. गावातून कोणाला बोलवायचं घाईत राहून गेलं, पण प्रतिनिधींसाठी केलेल्या शंभरावर पिशव्या उरल्या होत्या, त्या त्या पोरानं गावी नेल्या. मजबूत आहेत. आक्का एकीत शेवग्याच्या शेंगा घालून बाजारला नेतात, आणि तात्यांनी एकीत जुनी कॅलेंडरं ठेवायला सुरुवात केली आहे.